डोंगरात मुरलेले पाणी आणि संगणकातील सपाट पृथ्वी



दिवाळीच्या सुट्टीत तुमच्यापैकी काही जण सह्याद्रीच्या पायथ्याच्या एखाद्या गावी जात असतील. पाऊस थांबून तीन-चार आठवडे झालेले असतात. आकाशात ढगाचा तुकडाही दिसत नाही. तरी गावाशेजारचा ओढा वाहतच असतो. हे पाणी येते कोठून? पावसाच्या वेळी जमिनीवरून धावणारे पाणी तर सर पडून गेल्यावर काही तासांतच निघून जाते, आणि डोंगरमाथ्यावर तळे नसते.

मी हा प्रश्न वर्गात विचारतो तेव्हा उत्तर चटकन येते: "सर, डोंगरात मुरलेले पाणी पाझरते." उत्तर अगदी बरोबर आहे. पण "किती वेगाने पाझरते?" असे विचारले की सगळे खिडकीबाहेर बघू लागतात. दोन वर्षांपूर्वी मात्र एका विद्यार्थिनीने मलाच उलट प्रश्न केला. हवामानाचे पुढच्या शंभर वर्षांचे अंदाज संगणकावर मांडतात, असे तिने वाचले होते. तिने विचारले, "त्या संगणकातला पाऊस कुठे मुरतो? त्यात डोंगर असतो का?"

खरे सांगायचे तर मला त्या दिवशी नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे.

वेगाचे गणित

फ्रान्समधील दिजाँ शहराला पाणीपुरवठा करणारे अभियंते हेन्री डार्सी यांनी वाळूने भरलेल्या उभ्या नळीतून पाणी सोडून मोजमाप केले आणि १८५६ साली एक साधा नियम प्रसिद्ध केला. वाळूतून जाणारे पाणी दोन गोष्टींवर अवलंबून असते: पाण्याच्या दाबाचा उतार किती आहे, आणि ती वाळू किंवा माती पाण्याला किती सहज वाट देते. या दोन राशींचा गुणाकार केला की एक चौरस मीटर छेदातून दररोज किती पाणी जाईल ते मिळते.

एक टेकडी घेऊ. तिची माती बारीक वाळूची आहे आणि वाट देण्याचे तिचे माप दिवसाला १ मीटर आहे असे समजा. जमिनीखालच्या पाण्याच्या पातळीचा उतार दहास एक. मग प्रवाह झाला १ × ०.१, म्हणजे दिवसाला ०.१ मीटर. परंतु पाणी सगळ्या छेदातून जात नाही, फक्त कणांमधील पोकळीतून जाते. ही पोकळी ३० टक्के धरली तर थेंबाचा खरा वेग ०.१ भागिले ०.३, म्हणजे दिवसाला सुमारे ३३ सेंटिमीटर येतो. वीतभराहून थोडा अधिक! माथ्यापासून ओढ्यापर्यंतचे १०० मीटर अंतर कापायला त्याला ३०० दिवस लागतील. आषाढात माथ्याजवळ मुरलेला थेंब ओढ्याला मिळेल तो पुढच्या वैशाखात. उन्हाळ्यात ओढा का आटत नाही, याचे उत्तर या भागाकारात आहे.

(येथे कोणी हुशार विद्यार्थी म्हणेल, मग मोठ्या पावसानंतर झऱ्याचे पाणी दोन दिवसांतच कसे वाढते? गच्च भरलेल्या एस.टी.त मागच्या दाराने दोघे चढले की पुढच्या दाराने दोघे ढकलले जातात. चढलेले आणि ढकललेले लोक वेगळे असतात. डोंगरातही नवा थेंब सावकाश चालतो, पण त्याचा धक्का लवकर पोचतो.)

हा सगळा हिशेब पाण्याने पूर्ण भरलेल्या मातीचा झाला. भूजलपातळीच्या वरच्या, नुसत्या ओलसर मातीचे काय? तिच्यातले पाणी केशाकर्षणाने धरलेले असते आणि ते जागचे हलत नाही, अशी पुष्कळांची समजूत होती. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिना राज्यात कोवीटा येथे वनखात्याची एक जलविज्ञान प्रयोगशाळा आहे. तेथे हेवलेट आणि हिबर्ट या दोघांनी एक सुरेख प्रयोग केला व तो १९६३ साली प्रसिद्ध केला. डोंगराच्या उतारावर त्यांनी काँक्रीटचा सुमारे ४५ फूट लांबीचा, वरून उघडा असा हौद बांधला. उतार शंभरास चाळीस. त्यात माती भरली, ती पाण्याने पूर्ण भिजवली, आणि बाष्पीभवन होऊ नये म्हणून वरून प्लॅस्टिक अंथरले. मग खालच्या टोकातून काय निघते ते मोजत बसले. पहिले दोन दिवस पाणी भराभर निघाले. त्यानंतर धार बारीक झाली, पण थांबली नाही. शंभराहून अधिक दिवस ती माती निथळत राहिली! पोकळ्यांत हवा शिरल्यावरही ओलावा उताराच्या दिशेने सरकत होता, आणि खालचे टोक ओले राहत होते.

या प्रयोगातली ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा. पाऊस सगळ्या टेकडीवर सारखा पडतो. पण चार महिन्यांनी माथा कोरडा असतो आणि तळ ओला.

बादली

आता संगणकाकडे वळू. पृथ्वीच्या हवामानाचे गणित करायचे तर तिचे बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन पाडतात, आणि प्रत्येक चौकोनासाठी तापमान, दाब, वारा, पाऊस यांची समीकरणे सोडवतात. याला पृथ्वीचे प्रतिमान किंवा मॉडेल म्हणतात. आज अशा प्रतिमानांतील चौकोनाची बाजू साधारण १०० किलोमीटर असते, काहींत त्याहून कमी.

जमिनीत किती पाणी आहे याच्याशी हवेला काय कर्तव्य, असे तुम्हांला वाटेल. फार मोठे कर्तव्य आहे. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४.५ लाख जूल उष्णता लागते. रानातील झाडे व माती मिळून दिवसाला ४ मिलिमीटर पाणी हवेत सोडत असतील, तर प्रत्येक चौरस मीटरमागे ४ किलोग्रॅम पाणी झाले. त्यासाठी लागणारी उष्णता दिवसाच्या ८६,४०० सेकंदांवर वाटली की ११० वॅटच्या वर शक्ती येते. म्हणजे दर चौरस मीटरला जुन्या पद्धतीचा शंभर वॅटचा एक दिवा रात्रंदिवस जळावा इतकी उष्णता पाणी शोषून घेते. पाणी संपले की तीच उष्णता हवा तापवते. जमीन कोरडी की ओली हे चुकले, तर तापमान चुकते, ढग चुकतात आणि पाऊसही चुकतो.

अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे काम करणारे स्युकुरो मानाबे यांनी १९६९ साली ही गोष्ट आपल्या प्रतिमानात प्रथम बसवली. (याच मानाबे यांना २०२१ साली भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.) त्यांची युक्ती अगदी घरगुती होती. प्रत्येक चौकोनात त्यांनी जणू एक बादली ठेवली. बादलीत जास्तीत जास्त १५ सेंटिमीटर पाणी मावते. पाऊस पडला की ती भरते, भरून सांडले तर ते पाणी नदीला जाते. बादली बरीचशी भरलेली असेल तेव्हा बाष्पीभवन पूर्ण वेगाने होते, पातळी ठरावीक खुणेखाली गेली की पाण्याच्या प्रमाणात ते कमी होते. सहारा असो की ॲमेझॉन, बादली सगळीकडे तेवढीच.

पुढे, विशेषतः १९८० नंतर, ही बादली सुधारली. तिच्या जागी मातीचे एकाखाली एक थर आले, झाडांची मुळे आली, पानांवरील छिद्रांची उघडझाप आली. पण एक गोष्ट तशीच राहिली. पाणी फक्त वर आणि खाली जाई. आडवे जात नसे. तीन-चार मीटर खोलीच्या तळातून बाहेर पडलेले पाणी पुष्कळ प्रतिमानांत सरळ नदीच्या हिशेबात जमा होई. वाटेत त्याला कोणतेही झाड भेटत नसे.

हे शास्त्रज्ञ निष्काळजी होते असे समजू नका. मघाचाच भागाकार त्यांच्या जागी बसून करा. शेजारशेजारच्या दोन चौकोनांच्या मध्यांतील अंतर १०० किलोमीटर. एवढ्या अंतरावर पाणीपातळीचा सरासरी उतार फार तर हजारास एक. मग थेंबाचा वेग येतो दिवसाला ३.३ मिलिमीटर, आणि एका चौकोनाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत जायला त्याला सुमारे ८२,००० वर्षे लागतात. शंभर वर्षांच्या अंदाजात असले पाणी कोण धरील? त्यांनी ते सोडून दिले, आणि दोन चौकोनांपुरते त्यांचे बरोबरच होते.

घोटाळा होता तो एकाच चौकोनाच्या आत. शंभर किलोमीटरच्या त्या चौकोनात हजारो टेकड्या असतात, आणि प्रत्येक टेकडीवर पाणी काही महिन्यांत माथ्यावरून तळाशी येते. चौकोनाची सीमा ते ओलांडत नाही, म्हणून ते हिशेबात दिसत नाही.

सरासरी का फसवते

"पाणी चौकोनातच राहिले ना, मग सरासरी तीच. बिघडले काय?" हा आक्षेप बरोबर वाटतो, म्हणून तो आकड्यांनी तपासू. आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत.

मातीत झाडांना मिळू शकणारे पाणी पूर्ण भरले असता १०० म्हणू. नियम असा घ्या की ४० किंवा अधिक पाणी असेल तर झाडे पूर्ण वेगाने पाणी वापरतात, त्याखाली प्रमाणात कमी. चौकोनाचा एक चतुर्थांश भाग दरीचा तळ आहे, तेथे पाणी १००. उरलेला तीन चतुर्थांश भाग माथा व उतार, तेथे २०. सरासरी काढा: २५ + १५ = ४०. संगणक म्हणतो, ४० आहे, सगळी झाडे पूर्ण वेगाने पाणी वापरोत. पण प्रत्यक्षात तळातली झाडेच पूर्ण वेगाने वापरतात आणि बाकीची निम्म्याने. एकूण झाले २५ + ३७.५ = ६२.५ टक्के.

म्हणजे संगणकातील रान फेब्रुवारीतच पाण्याची उधळपट्टी करते. मग मे महिन्यात त्याच्याजवळ काही उरत नाही आणि ते एकदम सगळे सुकते. खऱ्या रानात माथ्यावरची झाडे आधीच पानगळ करून बसलेली असतात, आणि ओढ्याकाठचे उंबर-जांभूळ हिरवेगार उभे असतात, कारण माथ्यावरून निथळलेले पाणी अजून त्यांच्या मुळांशी येत असते. अर्धे मेलेले रान असे कधी होत नाही. काही झाडे मरतात आणि काही जगतात. सरासरीला हा फरक दिसत नाही.

याची किंमत किती असू शकते ते ॲमेझॉनच्या जंगलावरून कळते. तेथील कोरड्या महिन्यांत जंगल पाणी कमी वापरील असे जुन्या प्रतिमानांचे गणित सांगे. जंगलात उंच मनोरे उभारून प्रत्यक्ष मोजमाप केले तेव्हा मध्य ॲमेझॉनमध्ये तसे घडताना दिसले नाही. उलट आकाश निरभ्र झाल्याने काही ठिकाणी बाष्पोत्सर्जन वाढलेले आढळले. मुळे खोल जातात हे त्याचे एक कारण. भूजल हे दुसरे. ब्राझीलमधील मनौस शहराजवळची जमीन दुरून सपाट वाटली तरी ती पठारे आणि त्यांना कापणाऱ्या लहान लहान दऱ्यांनी बनलेली आहे. पठारावर भूजल खूप खोल असते, दरीच्या तळाशी ते जमिनीलगत असते. पठारावर मुरलेले पाणी भूजलापर्यंत पोचायला कित्येक महिने घेते, त्यामुळे कोरड्या दिवसांतील ओहोळांत मागच्या पावसाळ्याची आठवण वाहत असते. २०१५-१६ च्या कडक दुष्काळात भूजल उथळ असलेल्या जागची झाडे इतरांपेक्षा चांगली तग धरून राहिल्याचे संशोधकांना आढळले. हे जंगल तापत्या जगात टिकेल की नाही, याचा अंदाज सांगणाऱ्या प्रतिमानात या दऱ्याच नसतील तर त्या अंदाजावर किती विसंबावे?

चौकोनात डोंगर कसा बसवायचा

सरळ उपाय म्हणजे चौकोन लहान करणे. टेकडी दिसायची तर बाजू १०० मीटर हवी. पृथ्वीवरील जमीन सुमारे १५ कोटी चौरस किलोमीटर आहे, आणि प्रत्येक चौरस किलोमीटरात असे १०० चौकोन बसतात. म्हणजे १,५०० कोटी चौकोन, प्रत्येकाखाली मातीचे दहा-पंधरा थर, आणि हे गणित शंभर वर्षांच्या तासातासाला. आजच्या मोठ्या संगणकांनाही हे पेलण्यासारखे नाही.

म्हणून युक्ती काढावी लागते. पहिली युक्ती १९७९ साली ब्रिटनमध्ये कीथ बेव्हन आणि माइक कर्कबी यांनी सुचवली. ते म्हणाले, प्रत्येक जागेचा वेगळा हिशेब करू नका. फक्त दोन गोष्टी पाहा: त्या जागेच्या वरच्या बाजूला किती उतार आहे जिथले पाणी तिच्याकडे येते, आणि त्या जागी चढ किती आहे, म्हणजे आलेले पाणी किती चटकन पुढे जाते. पहिलीला दुसरीने भागा. माथ्याजवळच्या एका जागी वर १० मीटर उतार आहे आणि चढ ०.२ आहे: भागाकार ५०. पायथ्याशी वर २०० मीटर आहे आणि चढ ०.०५ आहे: भागाकार ४,०००. (प्रत्यक्षात या भागाकाराचा लॉगॅरिथम घेतात.) ज्या जागांचा हा आकडा सारखा, त्यांचा ओलावाही सारखा मानायचा. मग लाखो जागांऐवजी नकाशावरून आकड्यांची एक वाटणी केली की पुरे. पुढे ही कल्पना हवामानाच्या प्रतिमानांतही शिरली. पाऊस पडल्यावर किती जमीन आधीच तुडुंब भरलेली आहे, हे तिने चांगले सांगता येऊ लागले. पण बऱ्याच प्रतिमानांत झाडे मात्र त्या एका सरासरी मातीतूनच पाणी पीत राहिली.

दरम्यान भूजल खरोखर किती ठिकाणी उथळ आहे हे मोजण्याचे मोठे काम यिंग फॅन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी केले. जगभरच्या विहिरींच्या १६ लाखांहून अधिक नोंदी गोळा करून त्यांनी २०१३ साली भूजलाच्या खोलीचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला. पृथ्वीच्या २२ ते ३२ टक्के जमिनीवर उथळ भूजलाचा परिणाम होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. एवढा भाग किरकोळ म्हणून सोडता येत नाही. २०१९ साली फॅन यांनी पुष्कळ शास्त्रज्ञांना बरोबर घेऊन, डोंगरउतार प्रतिमानात आणलाच पाहिजे असे सविस्तर मांडले. त्यात पाण्याच्या उतरण्याबरोबर उन्हाचाही विचार आहे. पश्चिम हिमालयात उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर दाट झाडी आणि समोरच्या दक्षिणेकडच्या उतारावर गवत, असे दृश्य तुम्ही चित्रांत पाहिले असेल.

त्याच वर्षी अमेरिकेतील बोल्डर येथील शॉन स्वेन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी युक्ती वापरून दाखवली. चौकोनातील सगळ्या टेकड्यांऐवजी नमुन्याच्या थोड्या टेकड्या घ्यायच्या. नकाशावरून त्यांची उंची, लांबी आणि उतार ठरवायचा. माथा, मधला उतार आणि तळ असे मातीचे वेगवेगळे स्तंभ उभे करायचे, आणि वरच्या स्तंभातून खालच्यात डार्सीच्या नियमाने पाणी जाऊ द्यायचे. प्रत्येक स्तंभावरची झाडे आपापल्या मातीतून पाणी घेतात. टेकडी खरी नाही, पण चौकोनातल्या टेकड्यांची प्रतिनिधी आहे. असे करताच संगणकातही तळ ओला आणि माथा कोरडा होऊ लागला, आणि कोरड्या दिवसांत तळाची झाडे अधिक पाणी हवेत सोडू लागली. माझ्या विद्यार्थिनीला आता सांगता येईल: आतापर्यंत बहुतेक प्रतिमानांत तुझा डोंगर नव्हता, आता तो येऊ लागला आहे.

अडचणी अजून आहेत, आणि आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये तर त्या नको इतक्या आहेत. वर मुरमाचा थर, खाली काळा पाषाण, आणि पाणी फक्त भेगांतून. एका विहिरीला पाणी लागते आणि पन्नास पावलांवरची कोरडी निघते, हे तुमच्या घरच्यांना विचारा. अशा खडकासाठी वाट देण्याचे माप कोणते घ्यायचे? मुरूम कोठे किती जाड आहे याची मोजमापेही जगात फार थोड्या जागी झाली आहेत. माझ्या मते संगणकाच्या वेगापेक्षा हीच अडचण मोठी आहे. संगणक दर काही वर्षांनी वेगवान होतात, जमिनीखालचा खडक मात्र खोदूनच पाहावा लागतो.

दोन पन्हळींचा प्रयोग

हे सगळे शाळेत पाहता येते. पत्र्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या चार-चार फुटांच्या दोन पन्हळी घ्या. दोन्हींची टोके बंद करून प्रत्येकीच्या एका टोकाला तळाशी छिद्र पाडा व त्यात कापडाचा बोळा बसवा. चाळलेली वाळू दोन्हींत सारखी भरा. एक पन्हळ सपाट ठेवा, दुसरीचे छिद्र नसलेले टोक हातभर उंच करा. दोन्हींवर सारखे पाणी शिंपडून वाळू पूर्ण भिजवा, वरून प्लॅस्टिक झाका आणि छिद्रांखाली मापे ठेवा. पहिल्या दिवशी दर तासाला आणि नंतर सकाळ-संध्याकाळ किती पाणी निघाले ते मोजून आलेख काढा.

पुन्हा एकदा भिजवून आता वरून मेथीचे दाणे सगळीकडे सारखे पेरा आणि प्लॅस्टिक काढून टाका. रोपे बोटभर होईपर्यंत दोन्हींवर रोज सारखे पाणी शिंपडा, मग ते बंद करा. रोज सकाळी कोणत्या पन्हळीत वरच्या टोकापासून किती इंचांपर्यंतची रोपे माना टाकून आहेत ते लिहून ठेवा. सपाट पन्हळ हे जुने प्रतिमान आहे. उतरत्या पन्हळीतील शेवटचे हिरवे रोप कितव्या दिवशी सुकते आणि सपाट पन्हळीतील कितव्या दिवशी, हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडा, आणि उतार बदलून पुन्हा करून पाहा.